शब्दशंका: ‘गेस’ म्हणजे नेमका कुठला अंदाज?

या वेळच्या टपालात ‘गेस’ या एकाच इंग्रजी शब्दाभोवती फिरणारी पत्रं बरीच आहेत. कुणाला अनुवादात अडचण आहे, कुणाला ऑफिसच्या मेलमध्ये, कुणाला परीक्षेत. म्हणून हा अंक त्याच शब्दाला दिला आहे.

प्रश्न: ‘गेस’ म्हणजे अंदाज असं शाळेत शिकले. पण अनुवादात दर वेळी ‘अंदाज’ लिहिलं की संपादक खोडतात. अटकळ, कयास, तर्क, होरा यांतलं काय कुठे वापरायचं? (अनुवादक, गिरगाव)

‘अंदाज’ चुकीचा नाही, पण फार पसरट आहे. फारसीत ‘अंदाजा’ म्हणजे माप. ते मापाचं अंग मराठीतही टिकून राहिलं. म्हणून आपण हवामानाचाही अंदाज म्हणतो, घराच्या रंगकामाच्या खर्चाचाही अंदाज म्हणतो, महापालिकेचं अंदाजपत्रक म्हणतो आणि ‘खिशात किती पैसे आहेत, कर अंदाज’ असंही म्हणतो. इंग्रजीत पहिला फोरकास्ट, दुसरा आणि तिसरा एस्टिमेट, आणि फक्त चौथा गेस. गेसची खूण एकच: उत्तर दिलं आहे, पण ते देण्याइतका आधार हातात नाही. तेव्हा अनुवाद करताना आधी पाहायचं, की बोलणाऱ्याच्या हातात आहे काय?

काहीच नसेल तर मराठीत झकास शब्द आहे, अंदाजपंचे. पूर्ण रूप ‘अंदाजपंचे दाहोदरसे’. जुन्या पाढ्यात बावीस पंचे दाहोदरसे, म्हणजे एकशे दहा. बावीसच्या जागी अंदाज घातला, तरी उत्तर मात्र ठणठणीत एकशे दहा! ‘गेसवर्क’ला याहून नेमका प्रतिशब्द शोधायला जाऊ नये.

दोनचार धागे हाती आहेत, पण ते जुळतातच अशी खात्री नाही, तिथे अटकळ. ती बांधतात. मंत्रिमंडळात कोण येणार, मालक दुकान का विकतोय, अशा माणसांच्या हेतूंबद्दल हा शब्द जास्त शोभतो. कयास अरबी ‘कियास’वरून आला. तिथे त्याचा अर्थ एका गोष्टीवरून तिच्यासारख्या दुसरीबद्दल ठरवणं. मराठीत तो अर्थ सैल झाला असला, तरी आधीच्या उदाहरणावरून पुढचं सांगायचं असेल तर कयास बरोबर बसतो. तर्क म्हणजे पायरी पायरीनं केलेला विचार. तो करतात, किंवा दमछाक होत असेल तर लढवतात. बातमीतल्या ‘स्पेक्युलेशन’ला तर्कवितर्क चालतं, शेअर बाजारातल्या ‘स्पेक्युलेशन’ला चालत नाही. तिथे तो सट्टा.

होरा फक्त पुढच्या गोष्टीचा. काल काय झालं याचा होरा बांधता येत नाही. हा मूळ ज्योतिषातला शब्द. ‘अहोरात्र’मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गळून तो झाला, असं एक मत वराहमिहिरानं नोंदवलं आहे. आजचे अभ्यासक तो ग्रीक ‘होरा’वरून, म्हणजे इंग्रजी ‘अवर’च्याच घराण्यातून आल्याचं मानतात. आडाखे सहसा अनेकवचनी आणि हिशेबी: निवडणुकीचे, व्यापाराचे. ठोकताळा हा अनुभवातून बसलेला नियम असतो, एकेका वेळचा अंदाज नव्हे.

‘अनुमान’ मात्र ‘गेस’साठी वापरू नका. हिंदीच्या संगतीनं ते मराठीत या अर्थानं घुसतंय. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कविद्येत, अनुमान हे प्रमाण, म्हणजे पक्क्या ज्ञानाचं साधन आहे. डोंगरावर धूर दिसला, जिथे धूर तिथे अग्नी हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. यात चाचपडणं नाही. इंग्रजीत हे ‘इन्फरन्स’.

आणि कित्येकदा तर यातलं काहीच लागत नाही. ‘गेस हू’ म्हणजे ‘ओळख पाहू कोण’. ‘गेस हाऊ मच’ म्हणजे ‘सांग पाहू किती’. ‘यू गेस्ड इट’ म्हणजे ‘बरोबर ओळखलंस’. कोडं, चेहरा, आवाज, भेटवस्तू असेल तिथे क्रियापद ओळखणं. ‘गेस व्हॉट’ला तर अंदाजाशी देणंघेणंच नाही, ते नुसतं ‘ऐक ना, काय झालं माहितीये?’ त्याचं ‘अंदाज लाव काय’ असं भाषांतर डब केलेल्या मालिकांत ऐकू येतं आणि कानाला खटकतं.

क्रियापदांकडेही लक्ष असू द्या. अंदाज बांधणं, करणं हे गेसजवळचं. अंदाज वर्तवणं हे फोरकास्ट. अंदाज घेणं म्हणजे चाचपून पाहणं. पाण्याचा अंदाज घेतात, समोरच्या माणसाचा घेतात. ‘पाण्याचा अंदाज न आल्यानं बुडाला’ या बातमीतल्या वाक्यात गेस कुठेच नाही.

प्रश्न: ‘आय गेस ही इज ॲट होम’ याचं ‘माझा अंदाज आहे की तो घरी आहे’ असं भाषांतर बरोबर का? (विद्यार्थी, विलेपार्ले)

व्याकरणानं बरोबर, मराठी म्हणून नाही. आपली भाषा शंका क्रियापदाच्या पोटात ठेवते, तिला वेगळा शब्द लागत नाही. ‘तो घरी असेल.’ झालं.

त्यातही तीन पायऱ्या आहेत. लोकलचं उदाहरण घ्या. ‘गाडी लेट असेल’ हा साधा संभव, आधार असो नसो. ‘गाडी लेट असावी’ म्हणणाऱ्यानं काहीतरी पाहिलेलं असतं, उदाहरणार्थ फलाटावरची तोबा गर्दी. ‘आज रविवार, मेगाब्लॉक आहे, गाडी लेट असणार’ यात बोलणारा जवळजवळ पैज लावायला तयार आहे. इंग्रजीत याच क्रमानं ‘मे बी’, ‘मस्ट बी’ आणि ‘इज बाउंड टू बी’. गेस फार तर पहिल्या पायरीवर, कधी दुसरीवर. तिसरीवर कधीच नाही. ‘गाडी लेट आहे म्हणे’ ही चौथीच गोष्ट. ती ऐकीव आहे, बोलणाऱ्याचा स्वतःचा अंदाज नाही.

वाक्याच्या शेवटी येणारं ‘वाटतं’ विसरू नका. ‘पाऊस थांबला वाटतं’ हे ‘आय गेस द रेन हॅज स्टॉप्ड’चं तंतोतंत मराठी रूप. हेच ‘वाटतं’ पुढे नेलं, ‘मला वाटतं पाऊस थांबला’, की ते मत होतं. शेपटीला आलं की खिडकीबाहेरचा आवाज ऐकून केलेली अटकळ.

उलट दिशेनं जाताना एक खड्डा आहे. ‘मला नाही वाटत’ याचं ‘आय डोन्ट गेस’ होत नाही. ‘थिंक’ला नकार जोडता येतो, ‘आय डोन्ट थिंक सो’. गेसला प्रमाण इंग्रजीत तो तसा जोडत नाहीत. नकार मागे जातो: ‘आय गेस नॉट’.

प्रश्न: शुक्रवारपर्यंत फाइल मिळेल का, असं क्लायंटनं विचारलं. मी ‘आय गेस सो’ असं उत्तर पाठवलं. साहेब म्हणाले, हे उद्धट वाटतं. यात उद्धट काय? (नोकरदार, लोअर परळ)

उद्धट नाही, पण निरुत्साही आहे. ‘आय गेस सो’ हा हो असला तरी खांदे उडवून म्हटलेला हो आहे, आपल्या ‘बघू, होईल बहुतेक’ सारखा. ज्याला शुक्रवारी पुढे काम सुरू करायचंय, त्याला यातून दोन गोष्टी कळतात: तुम्ही तपासलेलं नाही, आणि तपासायचा विचारही दिसत नाही.

फाइल नक्की जाणार असेल तर ‘यू विल हॅव इट बाय फ्रायडे’. बहुतेक जाईल, पण एखादी गोष्ट अडली आहे, असं असेल तर ‘आय एक्स्पेक्ट टू सेंड इट बाय फ्रायडे’ लिहून पुढच्याच वाक्यात अडलेली गोष्ट सांगावी. माहीतच नसेल तर ‘आय विल चेक अँड कन्फर्म बाय फोर’ लिहावं आणि चारला खरंच कळवावं. मेलमध्ये गेसला जागा आहे ती इतरांच्या बाबतीत. ‘माय गेस इज दॅट दे आर वेटिंग फॉर द बँक’ यात तुम्ही स्वतःच सांगताय की हे पक्कं नाही. ते प्रामाणिक आहे. स्वतःच्या कामाबद्दल गेस करणं विचित्र दिसतं.

‘आय गेस’ अमेरिकन आणि ‘आय सपोज’ ब्रिटिश, असं क्लासमध्ये सांगतात. बोलण्यापुरतं ते ठीक आहे. पण चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चौसर एका तरुण उमरावाचं वय सांगताना ‘वीस वर्षांचा होता, आय गेस’ अशाच धर्तीवर लिहून गेला आहे. अमेरिकेत वसाहती व्हायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा हा प्रयोग अमेरिकेनं काढला नाही, नुसता जपला.

प्रश्न: स्पर्धा परीक्षेच्या वर्गात ‘ब्लाइंड गेस करू नका, एज्युकेटेड गेस करा’ असं सांगतात. दोन्हींत फरक किती, आणि मराठीत काय म्हणायचं? (परीक्षार्थी, दादर)

ब्लाइंड गेस म्हणजे तुक्का. तुक्का हा बिनटोकाचा बाण. ‘लागला तर तीर, नाहीतर तुक्का’ ही म्हण हिंदीतून मुंबईच्या बोलीत आलेली आहेच. एज्युकेटेड गेसला ‘सुशिक्षित अंदाज’ म्हणू नये, अंदाज कॉलेजात गेलेला नसतो. ‘साधार अंदाज’ पुरे.

फरक आकड्यांतच पाहा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात बरोबर उत्तराला २ गुण, आणि चुकीला त्याचा एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ०.६६ वजा. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर चारांत एकदा २ मिळणार, तीनदा ०.६६ जाणार. सरासरी शून्य. एक पर्याय खात्रीनं बाद करता आला तर सरासरी सुमारे ०.२२. दोन बाद झाले तर ०.६७. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’मध्ये बरोबरला ४ आणि चुकीला वजा १ असल्यानं निव्वळ तुक्क्यालाही सरासरी ०.२५ मिळतात, आणि दोन पर्याय बाद झाले तर १.५.

ही सरासरी आहे, एका प्रश्नाची हमी नव्हे. आणि चूक सहसा होते ती ‘खात्रीनं बाद’ या शब्दांपाशी. ओळखीचा वाटला नाही म्हणून पर्याय खोडणं हे बाद करणं नव्हे, तोही तुक्काच. पर्याय का चूक आहे हे एका वाक्यात सांगता आलं, तरच तो खोडावा.

प्रश्न: गावाकडच्या बातमीत ‘नजरअंदाज पैसेवारी’ वाचलं. हिंदीत तर नजरअंदाज म्हणजे दुर्लक्ष. सरकार दुर्लक्ष करून पैसेवारी काढतं का? (वाचक, मुलुंड)

शेतकऱ्यांना विचारलं तर काही जण हो म्हणतील! पण शब्द दोन वेगळे आहेत. हिंदी-उर्दूतल्या नजरअंदाजमधलं ‘अंदाज’ फारसीतल्या ‘फेकणं’ या अर्थाच्या क्रियापदाचं. तीर फेकणारा तीरंदाज, गोळा फेकणारा गोलंदाज. आपल्या क्रिकेटच्या समालोचनात रोज येणारा गोलंदाज मुळात तोफखान्यातला. नजरेतून फेकून दिलं ते नजरअंदाज.

पैसेवारी म्हणजे नेहमीचं पीक रुपया धरलं तर यंदाचं किती पैसे, हे प्रमाण. तिच्यातला नजरअंदाज म्हणजे नजरेनं केलेला अंदाज, मापवाला. उभं पीक डोळ्यांनी पाहून आधी नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते, मग सुधारित, मग अंतिम. अंतिम ठरवण्यासाठी पीक कापणी प्रयोग होतात. निवडलेल्या तुकड्यातलं पीक खरंच कापून, मळून, तोलून पाहतात. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईच्या सवलतींना पात्र धरलं जातं, म्हणून या शब्दांवर गावात एवढी भांडणं. इंग्रजीत सांगायचं तर पहिली पायरी ‘आय एस्टिमेट’ (इथला ‘आय’ म्हणजे डोळा), शेवटची ‘मेझरमेंट’. गेस यातली एकही नाही.

प्रश्न: वेधशाळा ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ म्हणते आणि आमच्याकडे ऊन पडतं. हे गेसच ना? (वाचक, बोरिवली)

नाही. गेसला आपली चूक मोजायची सोय नसते, फोरकास्टला असते. या शब्दांना ठरलेली मापं आहेत. ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, आणि २०४.४च्या वर गेलं की सर्वांत वरची श्रेणी. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. म्हणजे चारांतल्या तीन ठिकाणी तसा पाऊस न पडणं हे भाकितातच लिहिलेलं आहे. मुंबईत तर कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन केंद्रांतही जमीन-अस्मानाचं अंतर पडू शकतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७५ही नाही.

प्रश्न: मॅनेजमेंटच्या मुलाखतीत ‘गेस्टिमेट’ विचारतात. मुंबईत रोज किती वडापाव खपतात, असं काही. उत्तर कुणालाच माहीत नसताना गुण कशाचे देतात? (विद्यार्थिनी, माटुंगा)

गेस आणि एस्टिमेट यांची मोट बांधून १९३०च्या दशकात अमेरिकेत हा शब्द निघाला. गुण आकड्याला नसतात, आकड्यापर्यंत कसे आलात त्याला असतात. तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: मोजलेलं काय, धरलेलं काय, आणि ताडून कशाशी पाहिलं.

मोजलेलं: २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. धरलेलं: दिवसाला आठांतला एक माणूस एक वडापाव खातो. उत्तर साडेपंधरा लाख. आता दुसऱ्या टोकानं या. एका गाडीवर दिवसाला ४०० जातात असं धरलं, तर सुमारे ३,९०० गाड्या लागतील. महापालिकेचे ढोबळमानानं २४ प्रशासकीय वॉर्ड धरले, तर वॉर्डाला १६०च्या आसपास. आपल्या वॉर्डातली स्टेशनं, कॉलेजं, नाके डोळ्यांसमोर आणा आणि विचारा, १६० पटतात का? फार वाटत असतील तर ४०० किंवा आठांतला एक, यांपैकी काहीतरी बदलावं लागेल. दोन्ही आकडे धरलेले आहेत, हे मुलाखतीत मोठ्यानं सांगायचं.

बहुतेक जण अडकतात ते दोन ठिकाणी. ताडून पाहत नाहीत. किंवा शेवटी ‘१५,५५,०००’ असं नेमकं उत्तर देतात. पाया ढोबळ असताना शेवटच्या अंकांना अर्थ नसतो, ‘पंधरा लाखांच्या घरात’ एवढंच म्हणावं.

या कसबाचा उस्ताद भौतिकशास्त्रज्ञ एनरिको फर्मी. १६ जुलै १९४५ला पहिल्या अणुचाचणीच्या वेळी त्यानं कागदाचे कपटे हातातून सोडले, स्फोटाच्या लाटेनं ते किती लांब गेले ते पाहिलं आणि स्फोटाची ताकद १० हजार टन टीएनटी या स्फोटकाइतकी सांगितली. खरा आकडा याच्या दुपटीहून थोडा जास्त निघाला. कागदाच्या कपट्यांवरून एवढं जमणं याला गेस म्हणणं अन्याय होईल.

थोडक्यात

*गणितातल्या ‘कंजेक्चर’ला काय म्हणावं?* अटकळ. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, ही गोल्डबाखची अटकळ १७४२ची. चारवर अठरा शून्यं एवढ्या संख्येपर्यंत ती तपासून झाली, कुठेही चुकली नाही, तरी सिद्धता नाही म्हणून अजून अटकळच.

*‘सेकंड गेस’ म्हणजे दुसरा अंदाज का?* नाही. निकाल लागल्यावर दुसऱ्याच्या निर्णयात खोट काढणं. मराठीत पश्चातबुद्धी. दुसरा कशी चाल करील हे आधीच ताडणं, असाही एक अर्थ आहे.

*‘नो प्रायझेस फॉर गेसिंग’?* हे सांगायला ज्योतिषी नको. आणि ‘एनीबडीज गेस’ला देव जाणे.

*‘गिव्ह अ गेस’ चालतं का?* ‘टेक’ किंवा ‘मेक अ गेस’ म्हणा. ब्रिटिश ‘हॅव अ गेस’ही म्हणतात.

*उच्चार?* ‘गेस’, आखूड ए. तोंड जास्त उघडलं तर गॅस होतो. त्यातला यू उच्चारायचा नाही, तो पुढच्या ई मुळे ग चा ज होऊ नये म्हणून बसवलेला आहे, ‘गेस्ट’मध्ये आहे तसाच. भूतकाळी रूप ‘गेसेड’ नव्हे, ‘गेस्ट’. पाहुण्याचा आणि त्याचा उच्चार एकच, फरक फक्त लिहिताना दिसतो.